उघडे वायफाय आणि कायद्याची जबाबदारी

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटे धमकीचा ई-मेल गेला, तो नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वायफायवरून. पोलिसांचा माग त्या घरापर्यंत पोहोचला. परंतु आयपी क्रमांक जोडणी दाखवतो, माणूस नव्हे. आणि जोडणी उघडी राहणे म्हणजे गुन्ह्याचा हेतू नव्हे.

जर्मनीत एका गाण्याच्या बेकायदा प्रसाराच्या खटल्यात संघीय न्यायालयाने २०१० साली जोडणीधारकाला नुकसानभरपाईतून वगळले, नोटिशीच्या खर्चातून नाही. २०१७ साली संसदेने तो बोजाही उतरवला. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ दूरसंचार कंपन्यांना सशर्त संरक्षण देते. घरगुती जोडणीधारकाचा तेथे स्पष्ट उल्लेख नाही. पासवर्ड घालावा, हे खरेच. पण शेजारच्या मुलीला अभ्यासासाठी जोडणी देणाऱ्या कामगाराने कंपनीहून अधिक धोका का पत्करावा? त्याचा उल्लेख कलमात व्हावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.