वडील गेले तेव्हा आजी होती का?

घर विकायचं ठरलं की आपण आधी काय करतो? भिंतींना रंग लावून घेतो, गळका नळ बदलतो, एजंटाला फोन करतो आणि शेजारच्या इमारतीत काय भाव मिळाला याची चौकशी करतो. मीही हेच केलं. कपाटातली फाईल काढली ती सर्वांत शेवटी, गिऱ्हाईक पक्कं झाल्यावर. तो उलटा क्रम मला महागात पडला. त्याचीच ही हकिकत.

पुण्यात कोथरूडला वडिलांनी १९८४ साली एका सोसायटीत फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. १९९८ साली वडील गेले. सोसायटीकडे त्यांनी आईचं नॉमिनेशन केलेलं होतं, त्यामुळे शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर झालं. विजेचं बिल, महापालिकेचा मिळकतकर, सगळं आईच्या नावावर. वीस वर्षं कुणी काही विचारलं नाही. २०१९ मध्ये आईला जिने चढवेनात, म्हणून घर विकून लिफ्टच्या इमारतीत जायचं ठरलं. बहात्तर लाखांना सौदा झाला. एका तरुण जोडप्याने एक लाख रुपये विसार दिला आणि तोच लाख दुसऱ्या दिवशी मी लिफ्टवाल्या फ्लॅटच्या मालकाला विसार म्हणून देऊन मोकळा झालो. तीन महिन्यांत खरेदीखत झालं नाही तर विसार बुडेल, असं त्या पावतीत स्पष्ट लिहिलेलं होतं. मी न वाचता सही केली असं नाही, वाचूनच केली. आपल्या कागदांत काही उणं असेल, असं मनातच आलं नाही.

जोडप्याला कर्ज काढायचं होतं. बँकेच्या वकिलांनी फाईल चाळली आणि मला एकच प्रश्न विचारला, ‘वडील गेले तेव्हा त्यांच्या आई हयात होत्या का?’

होती. आजी आमच्याकडेच होती. २००३ साली गेली.

‘मग बसा,’ ते म्हणाले.

त्यांनी जे समजावून सांगितलं ते मी तुम्हाला जरा सावकाश सांगतो, कारण घरोघरी हाच गैरसमज आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद वारला की सोसायटीने कुणाशी व्यवहार ठेवायचा, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तिने तर नॉमिनीला वारस सभासद होईपर्यंतचा तात्पुरता सभासद म्हटलं आहे. मालकी जाते ती मृत्युपत्राप्रमाणे, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसाहक्काप्रमाणे. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. फ्लॅट त्यांच्या स्वकमाईचा. अशा वेळी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि त्या गृहस्थाची आई, या सर्वांना सारखा वाटा मिळतो. (इतर धर्मीयांचे नियम वेगळे आहेत.) बायको-मुलं सगळ्यांच्या लक्षात असतात. आई कुणाच्याच लक्षात नसते.

म्हणजे आमच्या घराचे झाले चार वाटे: आई, ताई, मी आणि आजी. आजीनेही मृत्युपत्र केलेलं नव्हतं. ती गेल्यावर तिचा चौथा हिस्सा तिच्या तीन मुलांकडे गेला. काकांना एक भाग, आत्याला एक भाग आणि वडील आधीच गेलेले असल्याने त्यांचा भाग ताईला नि मला. पाव भागाचा तिसरा हिस्सा, म्हणजे काका आणि आत्या प्रत्येकी घराच्या बाराव्या हिश्शाचे मालक! पुढे २०११ साली काकाही गेले. त्यांचा बारावा हिस्सा काकू आणि दोन चुलतभावांमध्ये वाटला गेला. मी समजत होतो की आईची एक सही पुरेल. प्रत्यक्षात हव्या होत्या सात.

खरं सांगतो, मला राग आला. ज्या घराचे हप्ते वडिलांनी ओव्हरटाईम करून फेडले, त्यात काकांचा कसला हिस्सा? वकील म्हणाले, ‘काकांचा नाही, तुमच्या आजीचा. मुलाच्या मिळकतीत आईचा वाटा असू नये, असं तुमचं म्हणणं आहे का?’ यावर मी गप्प बसलो.

पुढच्या रविवारी वाईला आत्याकडे गेलो. पंचाहत्तरीची आत्या. तिला सगळं सांगायला अर्धा तास लागला. ती म्हणाली, ‘आईचं आजारपण तुझ्या आईनं काढलं, मला काही नको. सही करते.’ मग चहा ठेवायला उठता उठता म्हणाली, ‘पण माझं तिथं काही आहे, हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नाही, ते का रे?’ आम्हालाच ठाऊक नव्हतं, हे उत्तर खरं होतं, तरी ते द्यायला जीभ रेटेना.

आत्याने आणि काकूने हक्कसोडपत्र करून दिलं. हे साध्या कागदावर लिहून चालत नाही. दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं. चुलतभावांनी मात्र हिस्सा मागितला. माझी पुन्हा चिडचिड. आई म्हणाली, ‘त्यांचा आहे तर देऊन टाक.’ प्रत्येकी दोन लाख. ते दोघे खरेदीखतात विकणारे म्हणून आले, आपापल्या नावाचा चेक घेतला. एक जण इंदूरला, त्याला रजा मिळेना. वडील, आजी, काका, तिघांचे मृत्यूचे दाखले गोळा केले, तर आजीचं नाव एका कागदावर माहेरचं. सगळं होईपर्यंत साडेचार महिने गेले. लिफ्टवाल्या फ्लॅटच्या मालकाने तीन महिने पुरे होताच विसार ठेवून घेतला. पावतीवर माझीच सही होती.

आमच्या जोडप्याने कळ काढली, हे आमचं नशीब. पण एक विचार करा. त्यांनी कर्ज न काढता स्वतःचे पैसे आणले असते, तर तो प्रश्न कुणी विचारलाच नसता. खरेदीखत झालं असतं आणि दहा वर्षांनी कुणीतरी चुलतभाऊ कोर्टात उभा राहिला असता. म्हणून घेणाऱ्यांनो, कर्ज काढा वा नका काढू, वकील स्वतःचा करा आणि विसार देण्याआधी करा. विकणाऱ्याचा किंवा एजंटाचा नको. बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजच्या मालकापर्यंतची साखळी त्याने तपासली पाहिजे, आणि त्या साखळीत कुणी वारलेलं असेल तर त्याच्या मागे त्या दिवशी कोण कोण होतं, हे विचारलं पाहिजे. शेअर सर्टिफिकेट दाखवून ‘बघा, नाव आहे’ म्हणणाऱ्यावर थांबू नका. एखादा वारस परदेशात असेल तर वेळ जास्त धरा. त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथे रीतसर साक्षांकित होऊन यावं लागतं आणि त्याच्या वाट्यावर कापायच्या कराचे नियमही वेगळे आहेत.

बाकी गोष्टी तुम्हाला एजंटही सांगेल. व्यवहार पन्नास लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल तर घेणाऱ्याने एक टक्का कर कापून सरकारात भरायचा. शहरी सोसायटीला हस्तांतरणासाठी पंचवीस हजारांपेक्षा जास्त अधिमूल्य घेता येत नाही, वर देणगीही मागता येत नाही. तसा शासनाचा आदेश २००१ सालापासून आहे. आणि इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे विचारायला संकोचू नका. पुष्कळ ठिकाणी ती अजून बिल्डरच्याच नावावर आहे.

आईसाठी पुढे सहा महिन्यांनी लिफ्टच्या इमारतीत घर मिळालं. बघायला गेलो तेव्हा मालकाने हॉल दाखवला, बाल्कनी दाखवली, पाणी किती वेळ येतं ते सांगितलं. मी विचारलं, ‘फ्लॅट वडिलांच्या नावावर ना? ते गेले तेव्हा आजी होत्या का?’

‘वडील आत आहेत,’ तो म्हणाला, ‘पेपर वाचतायत.’