एक घट, दोन बल्ब

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मी आज हिशेब द्यायला उभी आहे. शाळेच्या संगीताच्या खोलीसाठी आपण वर्गणी काढली. स्पीकर्सची जोडी आपल्यातल्याच एकाने दिली आणि तिला साजेसा ॲम्प्लिफायर निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी ५० वॉटचा घेतला. त्यावर विचारणा झाली, “तेवढ्याच पैशांत ५०० वॉटचा मिळत होता की! इंजिनिअरबाईंनी हे काय केलं?” प्रश्न रास्त आहे. पण उत्तराआधी मला माझी एक चूक सांगायची आहे.

माझ्या आईला गाण्याचं वेड. तिच्या पंचाहत्तरीला मी चांगले स्पीकर्स आणले आणि सोबत एक होम थिएटरचा रिसीव्हर. खोक्यावर वॉटचा मोठ्ठा आकडा होता, तो बघूनच घेतला. विलंबित ख्याल छान वाजायचा. द्रुत सुरू झाली, तबला चढला, की खट् आवाज करून यंत्र बंद. आईने फोनवर सांगितलं तर मी म्हणाले, “आवाज कमी ठेव ना. उगाच बटणं फिरवू नकोस.” दोन-तीनदा हेच झालं. पुढे तिने सांगणंच सोडलं.

दिवाळीत घरी गेले तर स्पीकर्सवर विणलेला रुमाल घातलेला, आणि आई मोबाइल कानाशी धरून गाणं ऐकत होती. म्हणाली, “माझ्याच हातून काहीतरी बिघडलं गं. एवढं महागाचं आणलंस तू.”

त्या रात्री मी यंत्र फिरवून मागची बाजू पाहिली. स्पीकरच्या तारा जोडतात तिथे बारीक अक्षरांत छापलं होतं : ६ ते १६ ओहम. स्पीकर्सच्या पाठीवर लिहिलं होतं : ४ ओहम. माझ्या आईने काहीही बिघडवलं नव्हतं. चूक माझी होती, आणि दोन महिने तिचा दोष तिने स्वतःकडे घेतला होता.

सर, तेव्हा मला तुमची प्रयोगशाळा आठवली. तुम्ही एका वापरलेल्या घटाला एक बल्ब जोडला होता. तो बरा पेटला. मग समांतर जोडणीत दुसरा लावलात, तर दोन्ही मंद झाले. तुम्ही विचारलंत, “घट संपला का?” आम्ही सगळे एका सुरात “हो सर!” म्हणालो. तुम्ही दुसरा बल्ब काढलात आणि पहिला पुन्हा उजळला. घट संपला नव्हता, त्याच्याकडे मागणी वाढली होती. समांतर जोडणीत एकूण रोध कमी होतो, धारा जास्त लागते, आणि तेवढी द्यायची त्या घटाची ऐपत नव्हती.

आईकडे नेमकं हेच घडत होतं. तेवढ्याच विभवांतराला ८ ओहमच्या स्पीकरपेक्षा ४ ओहमचा स्पीकर दुप्पट धारा मागतो. रिसीव्हरला ती झेपत नव्हती. तो तापायचा आणि स्वतःला वाचवायला बंद पडायचा. या नियमावर मी दहावीत पैकीच्या पैकी गुण घेतले होते!

म्हणून या वेळी मी आधी स्पीकर्सची पाठ वाचली. रोध ६ ओहम. हा झाला नाममात्र आकडा. सूर बदलतो तसा रोधही बदलतो आणि काही ठिकाणी तो ४ पर्यंत उतरतो. दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, ८६ डेसिबल. म्हणजे साधारण १ वॉट दिला तर १ मीटरवर एवढा आवाज. आपल्या खोलीत मुलं ३ मीटरवर बसणार. तिथे दोन्ही स्पीकर्स मिळून १-१ वॉटात साधारण ८० डेसिबल मिळतात. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. म्हणजे बहुतेक वेळ आपण एका वॉटाच्या आतच ऐकणार.

मग ५० कशाला? तबल्याची थाप क्षणभर खूप वर जाते. आवाज १० डेसिबलने वाढवायचा तर १० पट वॉट लागतात आणि कानाला तो फक्त दुप्पट वाटतो. ५० वॉटात आपण ९७ पर्यंत पोचतो. वर्गखोलीला ते भरपूर झालं. आणि खरोखरचे ५०० वॉट असते तरी आवाज ५० च्या दुप्पटच वाटला असता. पण ते खरोखरचे नव्हतेच. सगळ्या चॅनलांची बेरीज करून, क्षणिक जोर मोजून तो आकडा छापला होता.

आपल्या ॲम्प्लिफायरचं माहितीपत्रक सांगतं : ८ ओहमला ५० वॉट, ४ ओहमला ८०, दोन्ही चॅनल एकदम चालू असताना, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत. रोध उतरला की आकडा चढतो, म्हणजे जादा धारा द्यायची त्याची ऐपत आहे. १९७८ साली आलेला नॅड ३०२० कागदावर जेमतेम २० वॉटचा होता, पण अवघड स्पीकर्सही चालवायचा. म्हणून आजही जाणकार त्याचं नाव काढतात.

एक विनंती बाईंना. आवाज फाटल्यासारखा वाटला तर लगेच कमी करायला सांगा. ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपलीकडे रेटलं तर लहरींची टोकं कापली जातात आणि स्पीकरमधला नाजूक ट्वीटर जळू शकतो. पण यंत्र बंद पडलं तर मुलांना रागावू नका. आधी मला फोन करा.

आईकडे आता दुसरा ॲम्प्लिफायर आहे, ४० वॉटचा, ४ ओहमला चालणारा. जोडून झाल्यावर मी म्हटलं, “आई, तुझ्या हातून काही बिघडलं नव्हतं. मी नीट वाचलं नव्हतं.” ती म्हणाली, “बरं. आता द्रुत लाव.”

वर्गणीतले उरलेले पैसे खजिनदारांकडे दिले आहेत, पावत्याही. जेवणानंतर सगळ्यांनी संगीताच्या खोलीत यावं. सर, पहिलं बटण तुम्ही दाबायचं आहे.