कांद्याच्या ट्रॉलीला टायर घेताना



कांदा निघाला, की साक्री-पिंपळनेरच्या रस्त्यांवर भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. ऊन रणरणते असते, माल काठोकाठ भरलेला असतो. अशात टायर फुटला तर नुकसान एकट्या टायरचे होत नाही. ट्रॉली एका अंगाला कलते आणि ट्रॅक्टरलाही ओढते. दहिवेलच्या पुढे कोंडाईबारीच्या उतारावर असे झाले, तर जिवावरच बेतते. म्हणून टायर घेताना भावाआधी ओझ्याचा हिशोब करा.

ओझे अंदाजाने धरू नका. ट्रॅक्टर सोडून नुसत्या भरलेल्या ट्रॉलीचे एकदा काट्यावर वजन करून घ्या. समजा, चारचाकी ट्रॉली १५ क्विंटलची आणि कांदा ५० क्विंटल. एकूण झाले ६,५०० किलो, म्हणजे एका चाकावर १,६२५ किलो. पण माल कधी सारखा बसत नाही आणि खड्ड्यात भार एकाच चाकावर येतो. म्हणून पाचवा हिस्सा जादा धरून निदान १,९५० किलो पेलणारा टायर घ्या. दोनचाकी ट्रॉलीला बहुतेक भार दोनच चाकांवर येतो, तेव्हा तिचा हिशोब वेगळा करा. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त मात्र भरूच नये.

आता टायरची बाजू वाचा. तिथे माप, प्लाय, किती किलो भार व त्यासाठी किती हवा, हे छापलेले असते. माप रिमला जुळलेच पाहिजे. प्लायचा आकडा म्हणजे मजबुतीचा दर्जा. पण हवा कमी असली, तर १६ प्लायचा टायरही तेवढा भार पेलत नाही.

वयही बघा. चार आकडी शिक्क्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. शिक्का तीनच आकडी असेल, तर टायर २००० सालाच्या आधीचा समजा. ट्रकचा उतरलेला टायर स्वस्त मिळतो, नक्षीही चांगली दिसते. पण बाजूला चिरा, फुगवटा किंवा तार दिसली, तर फुकटही घेऊ नका. एका आसावर दोन्ही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत. ट्यूब आणि फ्लॅपही नवेच घाला.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. कमी हवेने टायर जास्त दबतो, आतून तापतो आणि फुटतो. वाटेत टायर तापला म्हणून हवा सोडू नका; सावलीला थांबा आणि थंड होऊ द्या. नवे चाक बसवल्यावर थोडे अंतर चालवून नट पुन्हा आवळा.

आणि एक सांगणे. भरल्या ट्रॉलीवर माणसे बसवू नका. माल पुन्हा पिकवता येतो.

रामराम.