करवतकाठी: मागापासून गिऱ्हाइकापर्यंत

भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावची करवतकाठी साडी तुम्ही कधी हातात घेतली आहे? ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या अळ्यांच्या कोशातून तिचं टसर रेशीम निघतं. काठावर करवतीसारखे दाते उमटवायला तीन धोटे लागतात. काठाचा आणि अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, एकमेकांत अडकवत जायचा. फार चिकाटीचं काम!

हे कसब विणकराकडे आहेच. त्याला हवेत पक्के रंग, नव्या नक्ष्या आणि थेट गिऱ्हाईक. रंगाई आणि नक्षीचं प्रशिक्षण नागपूरच्या विणकर सेवा केंद्रात मिळतं. करवतकाठीला भौगोलिक मानांकनही आहे. पण साडी दलालामार्फतच विकली गेली, तर त्याचा लाभ विणकराच्या घरी कसा पोहोचणार? म्हणून खरेदी करताना अस्सल रेशमाची खूण असलेला सिल्क मार्क बघा आणि शक्यतो विणकरांच्या सहकारी संस्थेतूनच साडी घ्या.