निजलेला देव आणि पहाटेची किल्लारी

 

तुम्ही खुलताबादेत आलात, भद्रा मारुतीचं दर्शन घेतलंत. हा मारुती निजलेला आहे. भद्रसेन राजाचं भजन ऐकता ऐकता हनुमंतराय भावसमाधीत गेले आणि तसेच आडवे झाले, अशी इथली कथा. आता एक प्रश्न विचारतो, रागावू नका. देव निजलेला असताना गावं गाडली गेली, तर देवाला काय म्हणायचं?

साल १९९३. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. रात्री उशिरापर्यंत गणपती बोळवले, माणसं दमून घरी आली, अंथरुणाला पाठ टेकली. आणि ३० तारखेच्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, लातूर-उस्मानाबादच्या भागात जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची कितीतरी गावं काही क्षणांत ढिगारा झाली. सरकारी आकडा सुमारे ८ हजार माणसांचा. दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागला. ज्या घरात पाणी द्यायला कुणी उरलंच नाही, त्या घराचा पितृपक्ष कसा गेला असेल, तुम्हीच विचार करा.

मराठवाडा तेव्हा भूकंपाच्या नकाशात सगळ्यात निर्धास्त पट्ट्यात होता. कोयनेला १९६७ साली झाला तो तिकडं, आपल्याकडं काळा पत्थर, आपल्याला काय भय, असं आम्ही म्हणायचो. पण जाणकार सांगतात, सगळी भारतभूमी उत्तरेकडं सरकते, हिमालयाला रेटते. तो ताण जमिनीच्या पोटात साठतो आणि एखाद्या दिवशी सुटतो. त्याला ना पाप कळतं, ना पुण्य.

हे आज सांगतोय. तेव्हा मला हे कळत नव्हतं, ती माझी चूक आधी पदरात घ्या.

मी तेव्हा तिशीतला. नवीन फेटा, नवीन आवाज. आमच्या गल्लीतून ज्वारी, घोंगड्या, भांडी गोळा झाली. देणाऱ्यानं नाव सांगितलं नाही, घेणाऱ्यानं जात विचारली नाही. दर्ग्याकडच्या घरांतूनही पोती आली. दहा-बारा दिवसांनी टेम्पोबरोबर मी गेलो. किल्लारीजवळच्या एका गावात पत्र्याच्या शेडपुढं लोक म्हणाले, महाराज, दोन शब्द बोला. मी उभा राहिलो आणि बोलून गेलो, ‘बाबांनो, हे कर्माचं फळ आहे. भोगल्याशिवाय सुटका नाही.’

पुढं एक आजी बसली होती. ती म्हणाली, ‘महाराज, माझी नात चार महिन्यांची हुती. तिनं कवा कर्म केलं?’

मायबाप, माझी विद्या तिथं संपली. गुरूंकडं पाठ केलेल्या ओव्या, प्रमाणं, दृष्टांत, एकही ओठावर येईना. मी चिपळ्या खाली ठेवल्या. थोड्या वेळानं आजीच म्हणाली, ‘बोलायचं ऱ्हाऊ द्या. तेवढी कळशी भरून आणा.’

पाण्याचा टँकर लांब उभा होता. मी कळशी भरून आणली, मग दुसरीची, मग तिसरीची. दुपार झाली. त्या दिवशी माझं कीर्तन झालं नाही. पण संध्याकाळी त्याच आजीनं स्वतःहून नामाला सुरुवात केली, आणि आम्ही मागं टाळ धरला.

तुकोबारायांनी देव कुठं ओळखावा ते सांगून ठेवलंय: दुःखानं पिचलेल्याला जो जवळ करतो, त्याच्यापाशी. पुण्याहून शांतिलालजी मुथा आले, सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला घेऊन गेले. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. बायांनी घर बांधण्याची माहिती घेतली, गवंड्याला हटकू लागल्या. निजलेला मारुती असाच उठतो, माणसाच्या हातापायांत उठतो. लक्ष्मणासाठी त्यानं द्रोणागिरी आणला. तो कुणाचं कर्म विचारत बसला नाही.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी. तिथं जास्त माणसं मारली ती भिंतींनी. दगड आणि माती यांच्या हातहात जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. अशी घरं आपल्या वाड्यावस्तीवर अजून आहेत. दोन्ही अंगांना बांधणारा आरपार दगड भिंतीत आहे का, ते जाणत्या गवंड्याला विचारा. माळवदावर दर वर्षी माती चढवत जाऊ नका, ते ओझं कमी करा. नारळ फोडण्याआधी हे करा, मारुतीराय रागावणार नाहीत.

आणि दुसरी. कुणाच्या घरी आकांत झाला तर कारण सांगायला जाऊ नका. मी सांगायला गेलो होतो. रिकामी कळशी दिसते का बघा.

ती आजी पुढं किती वर्षं जगली, मला ठाऊक नाही. पण दर अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून आलो की मी झोपत नाही. पहाटे चारपर्यंत वीणा घेऊन बसतो, त्या चार महिन्यांच्या लेकरासाठी नाम घेतो. यंदा तुम्हीही घरी घ्या. नाव ठाऊक नसलं तरी चालेल.

बोला, पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!