मधपेटीची ऊब आणि बॅटरीचा हिशेब

 

आज आम्ही बॅटरीबद्दल बोलणार आहोत. मधमाश्या पाळणाऱ्या बायकांना बॅटरीशी काय करायचं, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तसंच वाटायचं. पण मधाच्या कामात ऊब सारखी लागते. मेणपत्रा चौकटीत बसवताना तार तापवावी लागते. मध काढताना कप्प्यांवरची मेणाची टोपणं गरम सुरीने कापावी लागतात. थंडीत मध गोठला की तो कोमट करावा लागतो. आणि आपल्या पेट्या असतात कुठे? शेताच्या बांधावर. तिथे वीज नसते, असली तर पाळीपाळीने येते, आणि पाळी बऱ्याचदा रात्रीची असते. म्हणून मग सगळ्यांना बॅटरी आठवते.

आम्ही ती कशी घेतली आणि कुठे चुकलो, ते आधी सांगतो.

आमच्या पेट्या धन्याच्या फुलोऱ्यावर ठेवल्या होत्या. मध भरला होता. गटाच्या बचतीतून आम्ही विजेवर तापणारी सुरी घेतली आणि बॅटरीवर घरची वीज तयार करणारा छोटा इन्व्हर्टर घेतला. विकणाऱ्याने सांगितलं, "ताई, तुमच्या फवारणी पंपाच्या बॅटरीवर चालेल की." आम्ही विश्वास ठेवला. माघात काढणीला बसलो. मच्छरदाणी बांधली, मधयंत्र लावलं, सुरी तापली. वीस मिनिटं काम छान झालं. मग इन्व्हर्टर टी-टी करायला लागला आणि सुरी थंड पडली.

निम्म्या चौकटी कापलेल्या, निम्म्या तशाच. आम्ही बॅटरीची वायर हलवत बसलो, एक जण दुसरी बॅटरी आणायला वस्तीवर पळाली. या धांदलीत मच्छरदाणीची कड उघडी राहिली. फुलोरा सरत आला होता, माश्या भुकेल्या होत्या. उघड्या मधाचा वास सुटला आणि लुटालूट सुरू झाली. जोरकस पेट्यांतल्या माश्या आमच्या एका अशक्त पेटीवर तुटून पडल्या. संध्याकाळपर्यंत ती वसाहत गेली.

त्या महिन्याच्या बैठकीत बरंच बोलणं झालं. जिने सुरी सुचवली होती तिच्याकडे सगळ्यांच्या नजरा गेल्या. ती म्हणाली, "माझ्या वाट्याच्या बचतीतून पैसे कापा." तेव्हा आमच्यातल्या वयाने मोठ्या काकूंनी विचारलं, "सही कुणी केली होती? सगळ्यांनी. मग हिशेब कुणी केला होता? कुणीच नाही." ते खरं होतं. नुकसान सगळ्या गटाचं, असं आम्ही वहीत लिहिलं. त्याच पानावर खाली हिशेब मांडायला शिकलो. तोच आज तुम्हाला सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

बॅटरीवर दोन आकडे असतात. एक व्होल्ट, दुसरा अँपिअर-तास, ज्याला दुकानदार एएच म्हणतात. या दोन आकड्यांचा गुणाकार करा. फवारणी पंपाची बॅटरी बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ८ एएच असते. बारा आठे शहाण्णव. म्हणजे ती भरलेली असताना तिच्यात ९६ वॅट-तास वीज आहे. आता आपलं विजेचं बिल आठवा. बिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे पंपाच्या त्या बॅटरीत एका युनिटचा दहावा भागसुद्धा नाही!

आता यंत्राकडे बघा. यंत्रावर वॅट लिहिलेले असतात. आमची सुरी १२५ वॅटची. ती एक तास चालवली तर १२५ वॅट-तास खाणार. बॅटरीत ९६. म्हणजे कागदावरच ती पाऊण तासाची सोबत होती. त्यातला काही वाटा इन्व्हर्टर स्वतःच खातो. शिवाय शिशाच्या बॅटरीतून एकदम जोरात वीज ओढली तर ती लिहिल्यापेक्षा कमी देते. आमची बॅटरी तर दोन हंगाम जुनी. वीस मिनिटं चालली हीच नवलाई.

या हिशेबातून एक गोष्ट कळते. दिवा, मोबाईल, छोटा पंखा यांना वीज थोडी लागते, पण उष्णतेची भूक फार मोठी असते. म्हणून बॅटरी घेण्याआधी आपल्या कामाचे तीन ढीग करायचे.

पहिला ढीग, काही सेकंदांची ऊब. तार मेणपत्र्यात बसवणं हे यातलं काम. आमच्या चौकटीत तारेच्या चार ओळी असतात. स्टीलच्या बारीक तारेच्या एका ओळीला १२ व्होल्टची बॅटरी लावली की साधारण ५ अँपिअर प्रवाह जातो आणि तीनेक सेकंदांत तार मेणात बसते. हिशेब केला तर शंभर चौकटींना २० वॅट-तास लागतात. म्हणजे हे काम पंपाची बॅटरी आरामात करते, इन्व्हर्टरही लागत नाही. मात्र तार लोखंडी, जाड किंवा आखूड असेल तर प्रवाह खूप जास्त जातो, तार लाल होते आणि मेणपत्रा कापून जातो. म्हणून आधी जुन्या चौकटीवर एक सेकंद लावून बघा. वायरमध्ये १० अँपिअरचा फ्यूज टाका. तो काही रुपयांत मिळतो आणि हात वाचवतो.

एक महत्त्वाचं. पंपाची बॅटरी वापरायची तर ती पंपातून बाहेर काढा, ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा, हात साबणाने धुवा. फवारणीचा पंप मेणपत्र्याजवळ किंवा पेटीजवळ आणू नका. औषधाचा अंशसुद्धा माश्यांना मारतो. आणि घरात आधी विचारून घ्या, फवारणी कोणत्या दिवशी आहे. एकाच बॅटरीवर दोन कामं आली की भांडण ठरलेलं.

दुसरा ढीग, तास-दोन तासांची ऊब. गरम सुरी यात येते. ती बॅटरीवर चालवायचीच असेल तर हिशेब असा. १२५ वॅटची सुरी दोन तास, म्हणजे २५० वॅट-तास. इन्व्हर्टरच्या खाण्यासाठी पाचवा हिस्सा वाढवा, झाले ३००. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून दुप्पट धरा, झाले ६००. याला १२ ने भागा. म्हणजे ५० एएचची बॅटरी हवी, तीही नवी असताना. तिचं वजन पंधरा किलोच्या आसपास. ती डोक्यावर घेऊन बांधावरून कोण जाणार, हेही वहीत लिहा.

लिथियमची बॅटरी हलकी असते. त्यातली लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची विचारा, ती उष्णतेला जास्त टिकते. ती ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते. म्हणजे याच कामाला १२.८ व्होल्ट, ३० एएचची पुरते आणि वजन चार किलोच्या आसपास येतं. किंमत मात्र जास्त. वर्षातून काढणीचे दिवस मोजा. ते चार-सहाच असतील तर एवढे पैसे अडकवायचे का, हा प्रश्न बैठकीत सगळ्यांसमोर विचारा.

आम्ही शेवटी काय केलं? साध्या दोन लांब सुऱ्या घेतल्या. चुलीवर पाणी उकळून झाकणाच्या भांड्यात बरोबर नेतो. एक सुरी पाण्यात, एक हातात. पाण्यातून काढली की स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसायची, कारण पाण्याचा थेंब मधात गेला तर मध आंबतो. मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा अन्न सुरक्षेचा नियमच आहे. जिथे टोपणं खोल बसलेली असतात तिथे दातेरी काटा वापरतो, त्याला ऊब लागतच नाही. वेळ थोडा जास्त जातो, पण काम मध्येच बंद पडत नाही. इन्व्हर्टर आता पेटीजवळ येत नाही, बैठकीच्या रात्री वीज गेली की दिवा लावायला कामाला येतो. विजेची सुरी गावात वीज असते तेव्हा बंद खोलीत वापरतो.

तिसरा ढीग, खूप वेळची ऊब. गोठलेला मध वितळवणं, मेण वितळवणं, पेट्या उबदार ठेवणं. इथे बॅटरीचं नावही काढू नका. वीस किलो मधाचा डबा पंधरा अंशांवरून चाळीस अंशांवर न्यायला सव्वातीनशे वॅट-तास तरी लागतात, आणि डब्यातून निसटणारी उष्णता वेगळी. त्यापेक्षा डबा कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवा, वरून गोणपाट गुंडाळा, उन्हात ठेवा. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम हवं, चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या पुढे नको. मध थेट आचेवर कधीच ठेवू नका. जास्त तापलेल्या मधात एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. नियमाप्रमाणे तो किलोमागे ८० मिलिग्रॅमच्या वर गेला तर मध नापास होतो, आणि मग वर्षाची मेहनत मातीमोल होते. गोठलेला मध खराब नसतो, हे गिऱ्हाइकालाही सांगत चला. मोहरीचा, सूर्यफुलाचा मध लवकर गोठतो, तो त्याचा स्वभावच आहे.

मेणाचंही तसंच. मेण बासष्ट-चौसष्ट अंशांवर वितळतं. काचेचं झाकण आणि आतून काळा रंग असलेल्या पेटीत आपलं उन्हाळ्याचं ऊन ते काम फुकट करतं. चुलीवर करायचं तर पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून करा. मेण पेट घेतं, हे विसरू नका.

हल्ली पेटीखाली ठेवायच्या तापत्या चटयाही विकायला येतात. एक चटई १० वॅटची धरा. रात्रीचे बारा तास, म्हणजे १२० वॅट-तास. दहा पेट्या झाल्या तर १२००. रोज रात्री एका युनिटपेक्षा जास्त! कशासाठी? माश्या आपल्या अंगाच्या स्नायूंनी पिल्लांचा भाग चौतीस-पस्तीस अंशांवर राखतात. त्यांना आपल्याकडून हवं ते एवढंच : पोटभर अन्न, माश्यांच्या संख्येला बेताची जागा, वाऱ्याला आडोसा आणि कोरडी पेटी. रिकाम्या चौकटी काढा, दार लहान करा, वर गोणपाट घाला. महाराष्ट्रातल्या थंडीला एवढं पुरतं.

आता दुकानात जाल तेव्हा काय बघायचं, ते थोडक्यात. पॉवर बँकेवर वीस हजार असा मोठा आकडा बघून भुलू नका. तो मिली-अँपिअरचा असतो आणि आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. गुणाकार केला तर ७४ वॅट-तासच होतात. दुकानदाराला विचारा, "वॅट-तास किती? सलग किती वॅट देते?" क्षणभर देता येणारे वॅट वेगळे आणि सलग देता येणारे वेगळे. चार्जर त्याच जातीच्या बॅटरीचा घ्या, शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला लावू नका. पावती आणि हमीपत्र गटाच्या नावाने घ्या. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, पैसे देण्याआधी तुमचं यंत्र दुकानात घेऊन जा आणि तिथेच तासभर चालवून दाखवायला सांगा. जो नाही म्हणेल त्याला आपणही नाही म्हणायचं.

ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचा मोह होतो. ती गाडी चालू करण्यापुरता जोराचा झटका द्यायला बनवलेली असते. ती पूर्ण उतरवली तर खराब होते आणि सकाळी ट्रॅक्टर चालू होत नाही.

जपणूकही सोपी आहे. शिशाची बॅटरी वापरली की त्याच दिवशी चार्ज करा, रिकामी ठेवून देऊ नका. चार्ज करताना खोली मोकळ्या हवेची असावी, जवळ चूल किंवा धुराडं नको. दोन्ही टोकांवर टोपण किंवा रबर असू द्या, पिशवीत सुरीबरोबर टाकू नका. फुगलेली लिथियम बॅटरी वापरू नका, उघडू नका, कचऱ्यात टाकू नका.

मैत्रिणींनो, आमची एक वसाहत गेली, ती परत येणार नाही. पण त्यानंतर आमच्या गटात कोणतीही वस्तू घ्यायची असली की आधी वही उघडते. वॅट किती, तास किती, वजन किती, वर्षात दिवस किती. ज्या काकू शाळेत गेल्या नाहीत त्याही आता बारा आठे शहाण्णव म्हणतात. आणि हा हिशेब फळ्यावर मांडून सगळ्यांना शिकवते कोण? जिने सुरी सुचवली होती, तीच.

तुमच्या पुढच्या बैठकीत घरातल्या फवारणी पंपाच्या बॅटरीवरचे दोन आकडे वाचून बघा आणि गुणाकार करा. नमस्कार.