बोरीची जोपासना

सातपुड्याच्या पायथ्याशीं आंबागडच्या बाजूस बांधावरील रानबोरीला फारसें कोणी विचारीत नाहीं. पोरें तिचीं फळें खातात, शेतकरी तिच्या फांद्यांचें कुंपण घालतो आणि अखेर तिच्यावर कुऱ्हाड पडते. वस्तुतः हेंच काटेरी झाड परसांतील उत्तम फळझाड होऊं शकतें.

बोरीचें सोटमूळ खोल जातें. म्हणून मोठें झाड उपटून लावल्यास तें सहसा जगत नाहीं. आठळी ठरल्या जागींच पेरावी, अथवा उगवलेली रानबोर आहे तेथेंच राखावी. चैत्रांत ती जमिनीपासून हातभर उंचीवर छाटावी. पुढें एक जोमदार धुमारा राखून मृगाच्या पावसानंतर त्यावर मेहरूण अथवा उमराण जातीचा डोळा भरावा. डोळ्याखालून फुटणारे कोंब वरचेवर काढावे. येथें हयगय झाली कीं कलम दबतें व झाड पुन्हां रानटी होतें.

बोरीला फळ नव्या फुटीवर येतें. यास्तव दरवर्षीं एप्रिल-मे महिन्यांत, झाड विश्रांति घेत असतां, गतवर्षींच्या फांद्या आखूड कराव्या. ही छाटणी निष्ठुर वाटते. परंतु न छाटलेल्या झाडाचें काट्यांचें जाळें होतें आणि फळ बारीक राहतें. फळमाशीनें किडलेलीं बोरें वेंचून नष्ट करावीं व उन्हाळ्यांत बुंध्याभोवतींची माती उकरावी, म्हणजे तींतील कोष उन्हानें मरतात.

पाऊस थोडा झाला तरी बोरी तग धरते. अशा झाडावर कुऱ्हाड उचलण्यापूर्वीं शेतकऱ्यानें एक डोळा भरून पाहावा. दोन-तीन वर्षांत बोरीच त्याला उत्तर देईल.